बाबांना माझ्या फोनशिवाय गाणी लावता यावीत, यासाठी घरात कशी जोडणी करावी?

ओवी१२

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

आमच्याकडे १४० कॅसेट आणि ९० सीडी होत्या, बैठकीच्या खोलीतल्या एका कपाटात उभ्या लावलेल्या. कुठली कुठे आहे हे बाबांच्या हाताला पाठ होतं. गेल्या दीड वर्षात मी हे सगळं संगणकावर घेतलं. सीडींचं काम त्या मानाने सोपं. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रॅमने त्या फ्लॅकमध्ये (आवाजात काहीही न गमावणारा फाइलचा प्रकार) काढल्या आणि म्युझिकब्रेन्झ पिकार्ड या दुसऱ्या प्रोग्रॅमने नावं आणि वर्षं भरली. कॅसेटनी मात्र वेळ खाल्ला. तासाभराची कॅसेट तासभरच घेते, तिथे घाई चालत नाही. सगळं मिळून साधारण ८० जीबी झालं. कॅसेट खोक्यात भरून माळ्यावर ठेवल्या.

आणि मग लक्षात आलं की घरातली गाणीच बंद पडलीत.

गाणी लॅपटॉपवर, तिथून माझ्या फोनवर, फोनवरून ब्लूटूथ स्पीकरवर. बाबा पहाटे पाचला उठतात. पूर्वी उठले की कपाटातून एक कॅसेट काढून लावायचे. आता माझ्या खोलीच्या दारापर्यंत येतात, मी झोपलेली दिसले की परत जातात. हे मला आईने सांगितलं, ते स्वतः बोलले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "राहू दे गं, तू उठलीस की लावू." मी कामावर गेले की फोन माझ्याबरोबर जातो आणि दिवसभर घर गप्प. मी घरात असले तरी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले की गाणं तुटायला लागतं, आणि कुणाचा फोन आला की आलापाच्या मध्येच स्पीकरवर रिंग वाजते.

बाबांना बारीक अक्षरं दिसत नाहीत, टचस्क्रीनवर बोट नेमकं पडत नाही. बोलून गाणं लावणारा स्पीकरही आणून पाहिला. बाजारात निघालेली गाणी तो लावतो, पण निम्म्या कॅसेट घरी भरलेल्या आहेत. बाबांचं स्वतःचं गाणं, त्यांच्या मित्रांच्या बैठका. ही रेकॉर्डिंगं कुठल्याच यादीत नाहीत, त्यामुळे त्याला ती सापडत नाहीत.

बैठकीच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात एकच गाणं एकाच वेळी वाजावं अशी आईची इच्छा आहे, आणि भाऊ दुसऱ्या शहरात असतो, त्यालाही ऐकता यावं. हाताशी एक जुना लॅपटॉप, दोन रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढे छोटे संगणक), दोन्ही खोल्यांत अँप्लिफायर-स्पीकर आणि नेहमीचं वायफाय आहे. पण सगळ्यात आधी बाबांचं पहाटेचं गाणं.

अजून एक. बाबांच्या १९८६ च्या बैठकीची कॅसेट मी मोठ्या हौसेने त्यांना ऐकवली. दोन मिनिटं ऐकून ते म्हणाले, "आवाज माझाच आहे, पण हा माझा सूर नाही. मी इतक्या वर गात नव्हतो." असं का झालं असेल?

केबलवाला

ओवीताई, काम फार मोलाचं केलंत. गोंधळ एकाच ठिकाणी आहे: ब्लूटूथच्या जोडणीत फोन हाच प्लेअर असतो आणि स्पीकर त्याचा नुसता कर्णा. फोन खोलीबाहेर गेला की प्लेअरच बाहेर गेला. शिवाय फ्लॅकमधून काढलेला आवाज ब्लूटूथ पुन्हा दाबून पाठवतो, तो तोटा वेगळाच.

जोडणी उलटी करा. गाणी जुन्या लॅपटॉपवर ठेवा, त्यावर घरभर गाणी पुरवणारा लिरियन म्युझिक सर्व्हर हा प्रोग्रॅम टाका. दोन्ही रास्पबेरी पायवर स्क्वीझलाइट हा त्याचा प्लेअर टाका आणि एकेक पाय एकेका अँप्लिफायरला जोडा. आता पाय स्वतः सर्व्हरकडून गाणं ओढून घेतो. फोन असलाच तर रिमोटपुरता, तो बंद केला तरी गाणं चालू राहतं. पाय ४ च्या हेडफोनच्या भोकातून थेट आवाज घेऊ नका, खरखर येते. यूएसबीवर लागणारा छोटा डॅक (संगणकातल्या आकड्यांचा आवाज करणारी डबी) घ्या. लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर तो झोपणार नाही अशी सेटिंग आधी करा, निम्म्या लोकांचा सर्व्हर तिथेच "गायब" होतो.

दोन खोल्यांचं सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. प्रत्येक यंत्राचं घड्याळ किंचित वेगळं चालतं. दहा लाखात ५० एवढाच फरक धरला तरी तासाभरात ०.१८ सेकंदाचं अंतर पडतं, आणि दारात उभं राहिलं की तेच गाणं दोनदा ऐकू येतं. दोन्हीकडे एकदम बटण दाबून हे जमत नाही, वाजत असताना सतत जुळवून घ्यावं लागतं. लिरियन ते करतो. दोन प्लेअर एकदा "सिंक" केले की पुन्हा बघावं लागत नाही.

रिप्लेगेन (सगळ्या गाण्यांचा आवाज सारख्या पातळीवर आणणारी सोय) चालू करा, नाहीतर मंद कॅसेटनंतर सीडी लागली की दचकायला होईल. ते अल्बमवार ठेवा. गाण्यागणिक केलंत तर बैठकीतला हळू आलापही द्रुत भागाइतका मोठा होऊन बसेल.

आणि कळकळीने सांगतो, दीड वर्षाचं काम एकाच डिस्कवर ठेवू नका. ८० जीबी म्हणजे काहीच नाही. दोन प्रती काढा, एक भावाकडे पाठवा. माझ्याकडची सुमारे २०० रेकॉर्डिंगं डिस्कबरोबर गेली, त्यातल्या काहींच्या मूळ फिती आधीच टाकून दिल्या होत्या. माळ्यावरच्या कॅसेट कृपा करून टाकू नका.

सहज

केबलवाला सांगतात ते योग्यच आहे, पण ते जुळेपर्यंत दोन-तीन आठवडे जातील. तोपर्यंत बाबांनी दारातून परत जायचं का?

आजच्या आज एक करा. यूएसबी लागणारा, बटणं असलेला साधा प्लेअर आणा आणि पेन ड्राइव्हवर बाबांच्या आवडीच्या दहा-पंधरा कॅसेट एमपी३ करून भरा. माझ्या सासूबाई चार वर्षं अशाच ऐकतायत. एक खाचखळगा सांगून ठेवते: बरेचसे साधे प्लेअर गाणी नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, ज्या क्रमाने पेन ड्राइव्हवर चढली त्या क्रमाने वाजवतात. म्हणून ड्राइव्ह पुसून घ्या आणि एकेक फोल्डर हव्या त्या क्रमाने चढवा. "चालू" आणि "पुढे" या दोनच बटणांवर मी रंगीत चिकटपट्टी लावली. हिरवी आणि लाल नको, माझ्या सासूबाईंना पिवळी आणि निळी पटकन कळते.

जुनी फीत

सुराबद्दल बोलतो, कारण तुमच्या बाबांचा कान पक्का आहे आणि त्यांचं बरोबर असणार.

कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकायला हवी. जुन्या डेकची मोटर बिघडली की हा वेग सरकतो. साधारण ३ टक्के जोरात चालला तर सूर पाव स्वराने, म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याने चढतो. गाणाऱ्याला ते लगेच खटकतं, आपल्यासारख्याला फक्त आवाज जरा "तरुण" वाटतो.

किती चढलाय हे मोजता येतं. घरी भरलेल्या कॅसेटमध्ये बहुधा विजेची बारीक घरघर भरली जाते. ५० हर्ट्झची वीज असेल तर ती ५०, १००, १५० वर दिसते, ६० ची असेल तर त्याच्या पटीत. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये गाणं सुरू होण्याआधीचा, नुसत्या शांततेचा तुकडा निवडा आणि प्लॉट स्पेक्ट्रम (किती हर्ट्झवर किती आवाज आहे ते दाखवणारा आलेख) उघडा. आकार ६५५३६ ठेवा. १५० च्या आसपासचं टोक बघा, तिथे फरक ५० पेक्षा तिप्पट उठून दिसतो. ते टोक १५४ वर असेल तर फीत तेवढी जोरात पळालीय.

पण आधी खात्री करा की ही घरघर फितीतलीच आहे. कॅसेट थांबवून, तारा तशाच ठेवून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. तेव्हाही घरघर आली तर ती तुमच्या तारांची. ती नेमकी १५० वरच बसेल आणि तुम्हाला चकवेल.

दुरुस्ती करताना "चेंज पिच" वापरू नका, "चेंज स्पीड" (नव्या आवृत्तीत "चेंज स्पीड अँड पिच") वापरा. सूर आणि लय दोन्ही एकत्र चढलेत, तेव्हा दोन्ही एकत्रच उतरवायचे. मूळ फाइल तशीच राहू द्या, दुरुस्त प्रत वेगळी ठेवा. आणि एकाच आकड्याने सगळ्या कॅसेट दुरुस्त करू नका. भरताना कुठलं यंत्र होतं, त्याचा वेग किती होता, हे प्रत्येक फितीचं वेगळं असतं.

ओवी१२

सगळ्यांचे मनापासून आभार. सहजताई, प्लेअर त्याच संध्याकाळी आणला. दुसऱ्या दिवशी पहाटे मला गाण्याने जाग आली. मी तशीच पडून ऐकत राहिले.

जुनी फीत, १९८६ च्या कॅसेटवर टोक १५४.४ वर मिळालं. कॅसेट थांबवून घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तिथे काहीच नव्हतं. वेगाचा गुणक ०.९७१५ (१५० भागिले १५४.४) घातला. बाबांना काहीही न सांगता दुरुस्त प्रत लावली. ते डोळे मिटून ऐकत होते, हात मांडीवर ताल धरत होता. कडवं संपलं तेव्हा म्हणाले, "हं. आता बरोबर." मग साथीला कोण कोण होतं ते सांगत बसले. त्यातली निम्मी नावं मी पहिल्यांदा ऐकली. ती फाइलच्या माहितीत भरून ठेवलीत.

सर्व्हर उभा राहिला, बैठकीतला पाय वाजतो. स्वयंपाकघरातला मात्र सर्व्हरला दिसतच नाही. वायफायला जोडलेला आहे, त्यावरून इंटरनेटही चालतं. तीन संध्याकाळी गेल्या यात.

केबलवाला

तो पाहुण्यांच्या नेटवर्कला जोडलेला नाही ना? नाव सारखंच असतं, शेवटी "गेस्ट" एवढंच. त्या नेटवर्कवर राउटर मुद्दाम यंत्रांना एकमेकांपासून वेगळं ठेवतो. इंटरनेट मिळतं, पण शेजारचं यंत्र दिसत नाही. नसेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये "आयसोलेशन" असं काही चालू आहे का बघा.

भावासाठी त्याच फोल्डरवर नेव्हीड्रोम (इंटरनेटवरून गाणी ऐकवणारा सर्व्हर) टाका, त्याला वेगळं खातं द्या. फोनवर गाणी उतरवूनही घेता येतील. बाहेरून पोचण्यासाठी नेव्हीड्रोम थेट इंटरनेटला उघडू नका, वायरगार्ड (घरच्या नेटवर्कपर्यंतची खाजगी, कुलूपबंद वाट) वापरा. विकत घेतलेली गाणी घरच्यांपुरतीच ठेवा. बैठकांची रेकॉर्डिंगं मात्र त्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या घरी जरूर पोचवा, त्यांच्याकडे कदाचित एवढाही आवाज उरला नसेल.

आणि बाबांना फितीची सवय आहे म्हणून एक सुचवतो. यूएसबीवर चालणारा आरएफआयडी वाचक मिळतो, चिप असलेला स्टिकर न टेकवता वाचणारा. संगणकाला तो कीबोर्डच वाटतो: स्टिकर जवळ आला की त्याचा नंबर टाइप करून देतो. तो नंबर बघून सर्व्हरला "हा अल्बम वाजव" असं सांगणारी छोटी पायथन स्क्रिप्ट पुरते. कॅसेटच्या रिकाम्या डब्यांवर स्टिकर लावून बघा. डबा प्लास्टिकचा असल्याने अडचण येत नाही, धातूवर लावलं तर वाचलं जात नाही.

ओवी१२

गेस्टच होतं! नेटवर्क बदललं आणि अर्ध्या मिनिटात पाय दिसला. आता आई पोळ्या लाटताना तेच गाणं ऐकते जे बाबा बाहेर ऐकतात, आणि दारात उभं राहिलं तरी दुहेरी ऐकू येत नाही. भावाकडे एक डिस्क पाठवली, वायरगार्ड या आठवड्यात करते. बाबांच्या साथीदारांपैकी एकांच्या मुलीचा नंबर मिळालाय, त्यांना १९८६ ची बैठक पाठवणार आहे.

डबे माळ्यावरून उतरवले. फिती आत तशाच ठेवल्या आणि पाठीमागच्या बाजूला स्टिकर लावले, म्हणजे बाबांच्या हातची अक्षरं झाकली जात नाहीत. पहिले ४० झाले. वाचक कपाटाच्या वरच्या फळीखाली आतून चिकटवलाय. डबा फळीवर ठेवला की तीनेक सेकंदांत गाणं सुरू होतं, उचलला तरी चालू राहतं. थांबवण्यासाठी एक कोरा डबा केलाय, त्यावर काहीच लिहिलेलं नाही.

बाबांनी कपाट पुन्हा त्यांच्या क्रमाने लावायला घेतलंय. मला हात लावू देत नाहीत. उरलेले १०० डबे रोज दहा-दहा करून होतील. आज सकाळी विचारत होते की सीडीच्या डब्यांना पण हे लागेल का. लागेल ना, केबलवाला? डबा प्लास्टिकचा आहे, पण आतल्या चकतीवर धातूचा पातळ थर असतो, म्हणून विचारते.

केबलवाला

अडचण येऊ शकते, खरं आहे. चकती बाहेर काढून ठेवा, नाहीतर स्टिकर डब्याच्या कडेला, चकतीपासून जमेल तितका लांब लावा. आधी एकच लावून बघा, मग पुढचे.