ल्यूकसचा स्विच एवढ्यात भंगारात टाकू नका

१९५२ च्या मॉरिस मायनर या ब्रिटिश गाडीचा इग्निशन स्विच मूळचा आहे का, आणि खराब झालाय तर सरळ नवा बसवावा का, असं विचारलंय. नवा नकोच एवढ्यात.

सगळ्याआधी बॅटरीची तार काढा. मग स्विच काढून मागची बाजू बघा. ल्यूकस या गाड्यांचं विजेचं सामान बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या भागांवर मॉडेल नंबर आणि बऱ्याचदा महिना-वर्ष ठोकलेलं असतं. ती तारीख गाडीच्या जरा आधीची निघाली तर बहुधा मूळचाच. चावीवरचा नंबर कुलपाच्या तोंडावरही आहे का तेही पाहा.

आमची गाडी सांगलीत २०१९ च्या महापुरात बुडाली होती. स्विच गंजून हिरवागार, पण आतली पितळी पत्ती शाबूत! सुटी करून पाच मिनिटं चिंचेच्या कोळात ठेवली, धुऊन उन्हात कडकडीत वाळवली, वर व्हॅसलीनचं बोट. (चिंच फक्त सुट्या पितळेला हं, तोंडावरच्या मुलाम्याला नाही. पॉलिश पेपर तर अजिबात नको.) मग स्विचच्या टोकांना मल्टिमीटर लावा. चावी फिरवल्यावर ओहम (विजेला होणारा अडथळा) शून्याजवळ हवा. चावी हलवताना आकडा नाचला तर स्प्रिंग ढिली असू शकते.

सगळ्याआधी बॅटरीची तार काढा. आणि हो, या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, आपल्या सवयीच्या उलटं.