अर्धं घर कागदावर आणि दाराला नवं कुलूप

मांडवीकाठ: काल एका ग्रुपवर आलेली पोस्ट वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितेय. तिचा सारांश असा, की गोव्यात मुलीने लग्नाच्या सह्या केल्या की त्याच दिवशी ती अर्ध्या घराची मालकीण, मग जरा बिनसलं की घटस्फोट आणि अर्धं घर खिशात, तेव्हा मुलग्यांनो सावध व्हा. खाली अंगठ्यांची रांग.

लिहिणाऱ्याने वेगळी झालेली बाई जवळून पाहिलीय का? माझी धाकटी बहीण, सासर डिचोली तालुक्यात. भांडण विकोपाला गेलं म्हणून चार दिवस आमच्याकडे आली, परत गेली तर दाराला नवं कुलूप आणि तिचे कपडे तांदळाच्या दोन गोणींत भरून सोप्यावर ठेवलेले. गोण्यांची तोंडं सुतळीने शिवलेली होती, अगदी नीट, म्हणजे कोणीतरी शांतपणे बसून शिवली असणार. मला अजून ते टाके दिसतात.

आता अर्ध्या घराचं बोला. घर सासऱ्यांच्या नावावर, सासू-सासरे दोघंही हयात. नवऱ्याचाच वाटा अजून त्याच्याकडे आलेला नाही तर त्यात हिचं अर्धं कुठून येणार? शून्याचं अर्धं शून्य. गोव्याच्या कायद्याचं कौतुक दिल्लीपर्यंत चालतं, पण त्या रात्री तिच्या हातात चावी नव्हती.

फोंडेकर७२: ताई, बहिणीचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण एकीच्या गोष्टीवरून सगळे पुरुष हरामखोर ठरवू नका. फोंड्यातला माझा फ्लॅट, कर्ज माझ्या पगारावर, १४ वर्षं हप्ते मी भरले, बायको सहाव्या वर्षी निघून गेली आणि आता वकिलामार्फत अर्धं मागतेय. ७८ वर्षांची आई त्याच फ्लॅटमध्ये राहते, तिला कुठे नेऊ? विकायचा म्हटलं तरी तिची सही हवी. हा कुठला न्याय?

साखळीची लेक: भाई, एक विचारते, राग मानू नका. तुमचा एखादा गाळा भाड्याने आहे का? असला तर रिटर्न भरताना ते भाडं आयकराच्या कलम ५अ खाली बायकोच्या नावावर अर्धं दाखवलंच असणार, टॅक्स वाचतो म्हणून. पगार सोडून बाकी उत्पन्नाचं गोव्यात सगळेच असं करतात. तेव्हा अर्धं-अर्धं गोड लागतं आणि घर आलं की कडू? आणि पहिली सहा वर्षं तुमच्या आईचं दुखणंखुपणं कोणी काढलं तेही लिहा.

फोंडेकर७२: माझ्या आईला मध्ये आणू नका. तुम्हाला माझ्या घरातलं काय माहीत?

साखळीची लेक: आईला मध्ये तुम्हीच आणलंत, वर वाचा.

जुना वकील, म्हापसा: दोघंही जरा थांबा, इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीय. मालकी एक आणि राहण्याचा हक्क दुसरा. मालकीचं आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडावर, म्हणजे नागरी कायद्यावर चालतं, इथे १८७० पासून लागू आहे आणि १९६१ नंतरही चालू ठेवलं. लग्नाआधी नोटरीकडे वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोचं सगळं एकत्र, लग्नाआधीचं, नंतरचं, वारशाने आलेलंही. हप्ते कोणी भरले याने त्यात फरक पडत नाही. म्हणून भाईंचं अर्धं जातंय, मला आवडो न आवडो. लग्नानंतर ही व्यवस्था बदलता येत नाही हेही लोकांना सह्या झाल्यावरच कळतं.

पण ताईंच्या बहिणीला उपयोगी पडतो तो २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा. सासऱ्यांच्या घरात सुनेला राहण्याचा हक्क नाही असं २००६ च्या बत्रा निकालाने होऊन बसलं होतं, ते २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने उलटवलं. एकत्र राहिलेलं घर सासऱ्यांचं असलं तरी हक्क मागता येतो. मात्र म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांचाही विचार कोर्ट करतं आणि घराऐवजी भाडं द्यायला लावू शकतं.

मांडवीकाठ: तेच झालं. भाडं मिळालं. तेही अकरा महिन्यांनी, तोवर ती आमच्या बाहेरच्या खोलीत, मुलीचा अभ्यास शिवणाच्या मशीनवर.

पेडण्याचा: वकीलसाहेब, विषय निघालाच आहे तर माझं ऐका. आमचं मूळ घर पेडण्यात, आजोबांच्या नावावरचं, एक-चौदाच्या म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर अजून तेच नाव. पावसात मागचे वासे बसले, छपराचे नळे गळतात, विकायचं किंवा नीट वाटून घ्यायचं तर २७ सह्या. २६ तयार आहेत. सत्ताविसावी आमच्या चुलतभावाच्या बायकोची, ती नऊ वर्षांपूर्वी वेगळी झाली, घटस्फोट नाही, वाटणी नाही, म्हणून त्याच्या वाट्यात तिचं अर्धं अजून आहेच. ती म्हणते, सही करणार नाही. एका बाईपायी सबंध घर कोसळतंय.

साखळीची लेक: का करत नाही ते विचारलंत?

पेडण्याचा: विचारलं. म्हणाली गणपतीच्या नऊ चवथी झाल्या, एकदाही कोणी चवथीला ये म्हणालं नाही, आता सही पाहिजे तेव्हा दारात आलात.

साखळीची लेक: मग बरोबर आहे तिचं.

फोंडेकर७२: चवथीचं आमंत्रण आणि मालमत्तेचा काय संबंध? ब्लॅकमेल आहे हे.

मांडवीकाठ: संबंध आहे. त्या घरात तिने गणपतीवर फळांची माटोळी बांधली असेल, नेवऱ्या तळल्या असतील, सगळ्या जावांबरोबर रात्रभर जागली असेल. माझ्या बहिणीनेही पाच चवथी तिथे काढल्या. घर म्हणजे नुसता सर्व्हे नंबर नाही.

पेडण्याचा: मी ब्लॅकमेल म्हटलेलं नाही हं, ते फोंडेकर म्हणाले. आमच्याकडून चूक झाली असेल, थोडी. पण थोरल्या काकांना कोण सांगणार? गणपती त्यांच्या हातात.

जुना वकील, म्हापसा: कोणी अडून बसलं तरी इन्व्हेंटरीचा, म्हणजे कोर्टातून वाटणीचा रस्ता उघडा आहे. २०१२ च्या वारसा कायद्याखाली, तो २०१६ मध्ये लागू झाला. कोर्टात यादी होते, घरावर वाटेकऱ्यांतच बोली लागते, सही नसली तरी काम पुढे सरकतं. तिलाही नोटीस जाईल आणि तिचा वाटा तिला मिळेल. वेळ मात्र लागतो. माझ्या हातातली एक १९९८ ला सुरू झाली होती, ती पुढे माझ्या ज्युनियरने संपवली.

डोंगुर्ली: आमच्याकडे भाटकाराच्या म्हणजे जमीनमालकाच्या जमिनीवर घर आहे, आम्ही तिथे राहणारे मुंडकार, ती मुंडकाराची केस १५ वर्षं पडून, तिथे आधी घरच आमचं नाही तर अर्धं काय आणि पाव काय. त्याबद्दल कोणी बोलत नाही.

मांडवीकाठ: दादा, त्याचा वेगळा धागा काढा, मी येईन तिथे. फोंडेकर, तुम्हाला एकच विचारायचं होतं. फ्लॅट घेताना पहिली रक्कम कुठून आली?

फोंडेकर७२: काल रात्री सेल डीड काढून बघितलं, तुमच्यामुळेच. दुसऱ्या पानावर तिचंही नाव आहे, खाली सही आहे, मला आठवतच नव्हती. पहिल्या रकमेत तिच्या पाटल्या आणि गोठ मोडलेले, ते आठवतं. बरं, अर्धं तिचं, मानलं. पण आईला मी त्या घरातून हलवणार नाही, बोली लागली तर मी लावीन, कर्ज काढीन. इथून पुढे कोणी मला शिकवू नका.

साखळीची लेक: कोणी शिकवत नाही. पाटल्या किती तोळ्यांच्या होत्या तेवढं वकिलाला सांगा.

पेडण्याचा: वकीलसाहेब, नोटीस पाठवण्याआधी एकदा तिला भेटायला जाऊ का, की त्यानेही केस बिघडते? चवथ पुढच्या महिन्यात आहे.

जुना वकील, म्हापसा: जा. कागद नेऊ नका.