अकरावीतल्या मुलाने बास्केटबॉलसाठी पूर्णवेळ अकादमीत जावे का?

गोदातीर :

नमस्कार. माझा मुलगा सतरा वर्षांचा असून नाशिकमध्ये अकरावी विज्ञान शाखेत शिकतो. त्याची उंची ६ फूट ४ इंच आहे आणि शालेय स्पर्धांमधून तो राज्यस्तरापर्यंत खेळला आहे. दुसऱ्या शहरातील एका खासगी अकादमीने त्याला पूर्णवेळ दाखल होण्याविषयी विचारले आहे. बारावी मुक्त शाळेतून देता येईल आणि दोन-तीन वर्षांत तो प्रोफेशनल खेळाडू होईल, असे ते सांगतात. वार्षिक शुल्क आमच्या उत्पन्नाच्या मानाने बरेच आहे. घरात दोन तट पडले आहेत: मुलाची आई त्याच्या बाजूने आहे, तर त्याच्या मामांच्या मते बारावीआधी असला विचारही करू नये. क्रिकेटचा प्रश्न असता तर सल्ला देणारे गल्लोगल्ली भेटले असते. बास्केटबॉलबाबत कोणाला विचारावे हेच समजत नाही. या खेळात पैसे नेमके कोण देते, किती वर्षे देते आणि अशी कारकीर्द प्रत्यक्षात कशी घडते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना_गार्ड :

आपल्या देशात बास्केटबॉलपटूला दरमहा पगार देणारी जागा आजही प्रामुख्याने नोकरी हीच आहे. भारतीय रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, सेनादले अशा संस्थांचे स्वतःचे संघ असतात. खेळाडूंची क्रीडा कोट्यातून भरती होते, हंगामात सरावासाठी कामातून सवलत मिळते आणि खेळ थांबला तरी नोकरी राहते. मी अशाच एका खात्याच्या संघातून खेळून निवृत्तीनंतर नाशिकरोडला स्थायिक झालो आहे, त्यामुळे माझे मत या वाटेकडे झुकलेले असणार, हे लक्षात घेऊनच वाचावे. लीग येतात आणि जातात. २०१५ मध्ये सुरू झालेली यूबीए लीग दोन-तीन वर्षांतच थांबली. २०२२ पासून आयएनबीएल सुरू झाली आणि २०२५ च्या जानेवारीत तिची २५ वर्षांखालील खेळाडूंसाठी सहा संघांची प्रो स्पर्धाही झाली. हे स्वागतार्हच आहे. परंतु अशी लीग काही आठवड्यांची असते आणि घरभाडे बारा महिन्यांचे.

मात्र शुल्क आणि बारावी यांच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा: आपला मुलगा कोणत्या जागेवर खेळतो? आपल्याकडे शाळेच्या संघातील सर्वांत उंच मुलाला बास्केटखाली उभे करण्याची पद्धत आहे. तो रिबाउंड घेतो (हुकलेल्या शॉटचा चेंडू झेलतो), जवळून चेंडू टाकतो, सामने जिंकून देतो आणि म्हणूनच त्याला ड्रिबल, म्हणजे टप्पे देत चेंडू नेणे, शिकवण्याची गरज कोणाला वाटत नाही. ६ फूट ४ इंच ही आंतरशालेय स्पर्धेत सेंटरची, म्हणजे बास्केटखाली खेळणाऱ्याची, उंची ठरते. वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत मात्र ती गार्डची (चेंडू वर आणणाऱ्याची) किंवा फार तर विंगची (बाजूने खेळणाऱ्याची) उंची असते, कारण तिथे बास्केटखाली साडेसहा फुटांहून उंच आणि अंगाने भरलेली माणसे असतात. म्हणजे आज ज्या कामामुळे त्याचे नाव झाले आहे, ते काम काही वर्षांनी त्याला कोणी देणार नाही. जे काम मिळू शकेल, म्हणजे अंगावर बचावपटू असताना चेंडू वर आणणे, डाव्या हातानेही तितक्याच सहजपणे आत शिरणे, तीन गुणांच्या ६.७५ मीटरच्या रेषेबाहेर धावत येऊन थांबणे आणि शॉट घेणे, त्याची तयारी त्याने आतापासूनच केलेली असायला हवी. निवड चाचणीत उंची पहिल्या पाच मिनिटांत पाहून होते. त्यानंतर सगळे हात आणि पाय पाहत बसतात. अकादमीवाल्यांनी त्याला कोणत्या जागेसाठी निवडले, हे त्यांनी आपल्याला सांगितले आहे का?

पहाटेचा_प्रेक्षक :

जागेचा मुद्दा किती निर्णायक ठरू शकतो, हे सतनाम सिंग भामरा याच्या कारकिर्दीत दिसते. पंजाबमधील बल्लो के या गावचा हा ७ फूट २ इंचाचा मुलगा लुधियानाच्या अकादमीत घडला, २०१० मध्ये शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातील आयएमजी अकादमीत गेला आणि २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या अमेरिकेतील सर्वोच्च लीगच्या संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर, म्हणजे दुसऱ्या फेरीत, निवडले. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. वर्तमानपत्रांनी त्या दिवशी जे लिहिले नाही ते असे, की पहिल्या फेरीतील निवडीला ठरलेल्या वेतनाचा करार मिळतो, तर दुसऱ्या फेरीतील निवडीला कसलीच हमी नसते. सतनाम टेक्सास लेजेंड्स या दुय्यम लीगच्या संघात राहिला आणि एनबीएचा एकही सामना न खेळता परतला. तोपर्यंत एनबीएमध्ये सेंटरकडूनही बाहेरून शॉट आणि जलद हालचालीची अपेक्षा होऊ लागली होती. बास्केटखाली उभ्या राहणाऱ्या महाकाय खेळाडूची जागाच आकसत चालली होती. पुढे उत्तेजक चाचणीतील दोषामुळे त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि २०२१ मध्ये तो अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीत गेला.

त्याच्यानंतरची उदाहरणेही पाहावीत. अमज्योत सिंग २०१७ मध्ये ओक्लाहोमा सिटी ब्लू या जी लीगच्या (एनबीएच्या त्याच दुय्यम लीगच्या) संघात पोहोचला. याच लीगमध्ये २०१८-१९ पासून सर्वसाधारण कराराची रक्कम संपूर्ण हंगामासाठी ३५,००० डॉलर होती. एनबीएच्या झगमगाटाशी तिचा काही संबंध नाही. प्रिन्सपाल सिंग हा एनबीएच्या भारतातील अकादमीतून २०२० मध्ये जी लीग इग्नाइट संघात गेला. खास तरुणांसाठी उभारलेला तो संघच २०२४ मध्ये बंद झाला. विशेष भृगुवंशी याला २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲडलेड ३६र्स संघाने करारबद्ध केले, आणि तो उंच सेंटर नसून गार्ड आहे, ही बाब जुना_गार्ड यांच्या म्हणण्याला बळ देणारी आहे.

मैदानताई :

मी नाशिकमधील एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. वरील दोघांनी शरीराविषयी काहीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. इथली बहुतेक मुले सिमेंटच्या उघड्या कोर्टवर खेळतात. सतराव्या वर्षी वाढत्या हाडांवर दिवसातून दोन वेळा उड्यांचा सराव सुरू झाला, की आधी गुडघ्याखालचा भाग दुखू लागतो, आणि मुले संघातून वगळले जाण्याच्या भीतीने ते लपवतात. गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध तुटला, तर शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने ते एक वर्ष लागते. त्या काळात शुल्क, निवास आणि उपचार यांचे काय, हे अकादमीकडून लेखी घ्यावे. तिथे पूर्णवेळ फिजिओथेरपिस्ट आहे की फोन केल्यावर येणारा, हेही विचारावे.

दुसरे असे, की व्यायामशाळेत सहज मिळणाऱ्या पावडरींपासून मुलाला दूर ठेवावे. सतनामच्या नमुन्यात सापडलेला हायजेनामाइन हा पदार्थ काही पूरक आहारांतही आढळतो. डब्यात काय होते हे माहीत नव्हते, एवढ्या सबबीवर खेळाडू सहसा सुटत नाही.

शिक्षणाबाबत माझे मत मामांच्या जवळचे आहे, पण कारण वेगळे आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण असले तरी त्या पदाची शैक्षणिक पात्रता चुकत नाही आणि क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणीही होते. म्हणून बारावीही हवी आणि प्रत्येक स्पर्धेचे मूळ प्रमाणपत्रही जपून ठेवायला हवे. आपल्याच चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर रोइंगकडे वळला आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला. नोकरीमुळे खेळ संपतोच, असे म्हणणाऱ्यांना मी त्याचे उदाहरण देते.

गोदातीर :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलगा कायम सेंटर म्हणूनच खेळला आहे आणि अकादमीच्या पत्रात फक्त त्याच्या उंचीचा उल्लेख आहे. मी त्याला डाव्या हाताच्या ड्रिबलविषयी विचारले, तेव्हा तो हसला आणि विषय बदलला. बारावी होईपर्यंत नाशिकमध्येच राहून ही उणीव भरून काढता येईल का?

जुना_गार्ड :

बऱ्याच अंशी येईल. त्याला थ्री-ऑन-थ्री खेळायला लावा. अर्धे कोर्ट आणि सहा मुले एवढ्यावर भागते. सामना १० मिनिटांचा किंवा आधी २१ गुण करणाऱ्याचा असतो आणि शॉट घ्यायला केवळ १२ सेकंद मिळतात, त्यामुळे उंच मुलाला बास्केटखाली वाट पाहत उभे राहताच येत नाही. चेंडू बाहेर नेणे, पास देणे, दुरून शॉट घेणे हे सगळे त्यालाही करावे लागते. टोकियो ऑलिम्पिकपासून हा प्रकार ऑलिम्पिकमध्येही आहे, त्यामुळे तो वेळ वाया गेला असे होणार नाही. त्याच्या प्रशिक्षकांना भेटून पुढील हंगामात काही सामने तरी त्याला गार्डच्या जागेवर खेळवण्याची विनंती करावी. सुरुवातीला संघ हरेल आणि शाळा कुरकुर करेल, तेवढे सोसावे.

अकादमीला नकार कळवण्याची घाई मात्र नको. गेल्या पाच वर्षांत त्यांच्याकडून बाहेर पडलेली मुले आज कोणत्या संघात आहेत आणि त्या संघात प्रत्यक्ष किती मिनिटे खेळतात, याची यादी त्यांच्याकडे मागावी. त्यांपैकी दोघांच्या पालकांशी स्वतः बोलावे; ते पालक अकादमीने सुचवलेले नसावेत.

मैदानताई :

आणि बोलायला मामांनाही सोबत न्यावे. शुल्काच्या करारातील बारीक अक्षरे तेच नीट वाचतील.