क्रोशा शिकतेय, पण चौकोनाचा त्रिकोण होतोय (सातारा)

डावखुरी_सातारा

नमस्कार. मी सातारला शाहूपुरीत राहते, नोकरी बँकेत. धाकट्या बहिणीला सातवा महिना लागलाय, बाळ भाद्रपदात येईल. बाळंतविड्यातलं निदान टोपडं तरी माझ्या हातचं असावं असं फार मनात आहे. आमच्याकडे क्रोशाचं काम फक्त आजीला यायचं. ती आता नाही. तिच्या दोन सुया आणि एक वही माझ्याकडे आली आहे.

तीन आठवडे रोज रात्री जेवणं उरकली की व्हिडिओ लावून बसते. साखळी येते, खांब म्हणजे उंच टाकाही येतो. पण पहिल्या ओळीत २० खांब घातले तर दहाव्या ओळीत ११ उरतात. चार वेळा उसवून पुन्हा केलं, दरवेळी तेच. टाके नेमके कुठे गळतात ते मला दिसतच नाही. लोकर घरात होती तीच घेतली, काळी, केसाळ.

शिवाय शब्दांचा गोंधळ आहे. आजीच्या वहीत ‘मुका खांब’ लिहिलंय, व्हिडिओतली बाई त्यालाच सिंगल क्रोशे म्हणते आणि एका जुन्या इंग्रजी पुस्तकात तोच टाका डबल म्हणून दिलाय. आणि मी डावखुरी. उजव्या हाताचं बघून करते तेव्हा सगळं उलटं पडतं. मी सुई उजव्या हातात धरायची सवय करावी का? कुणीतरी नीट सांगा, वेळ थोडा आहे.

कराडची_लेक

काळी लोकर आधी बाजूला ठेव. काळ्यात वीस वर्षं विणणाऱ्यांनाही रात्रीच्या दिव्यात टाका दिसत नाही आणि केसाळ लोकर उसवताना गुंतते ती वेगळीच. फिकट रंगाचा, गुळगुळीत, जरा जाड सुती दोरा आण आणि ३.५ किंवा ४ मिलिमीटरची सुई घे. दोऱ्याच्या लेबलवर सुईचा आकार छापलेला असतो, तो बघून घे.

शब्दांचं म्हणशील तर तुझं काही चुकत नाहीये. अमेरिकेतले आणि इंग्लंडमधले लोक एकाच टाक्याला वेगळी नावं देतात. आपला मुका खांब अमेरिकेत सिंगल, इंग्लंडमध्ये डबल. आपला खांब अमेरिकेत डबल, इंग्लंडमध्ये ट्रेबल. जुनी पुस्तकं बहुतेक इंग्लंडच्या पद्धतीची असतात, व्हिडिओ जास्त करून अमेरिकेच्या. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ दिसलं की समजायचं अमेरिकेची पद्धत, कारण इंग्लंडच्या आजच्या पद्धतीत ते नावच नाही.

कृष्णाकाठ_सांगली

अगं, तुझा आकडाच सगळं सांगतोय. २० चे दहाव्या ओळीत ११, म्हणजे मधल्या नऊ ओळींत बरोबर नऊ टाके गेले, दर ओळीला एक. हात कच्चा असता तर कधी दोन गेले असते, कधी एखादा वाढला असता. तुझा हात चांगला आहे, फक्त एक जागा तू रोज चुकतेस.

ती जागा म्हणजे ओळीचा शेवट. ओळ संपली की काम उलटवून तू तीन साखळ्या घालतेस ना? त्या तीन साखळ्या म्हणजे नव्या ओळीचा पहिला खांब. म्हणून त्यांच्या अगदी बुडातला टाका सोडून पुढच्यात खांब घालायचा. इथवर तू बरोबर करत असणार. पण परत येताना शेवटचा खांब मागच्या ओळीच्या त्या तीन साखळ्यांच्या माथ्यावर घालावा लागतो. तो माथा टाक्यासारखा दिसत नाही, काठाला चिकटलेली गाठ वाटते, म्हणून सगळे तिथे थांबतात. तिसऱ्या साखळीत एक खुणेची पिन अडकवून ठेव. खास पिन नसली तर सेफ्टी पिन चालते. परत आलीस की पिनेच्या जागी सुई घाल.

२० खांबांसाठी २२ साखळ्या घाल. पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत. सोडलेल्या तीन साखळ्या हा एक खांब आणि पुढचे १९. पायाची साखळी मात्र सैल घाल, नाहीतर खालची बाजू आवळून काम पंख्यासारखं होतं. हात घट्टच असेल तर फक्त पायासाठी एक आकार मोठी सुई घे.

आणि आठवडाभर मोबाईल बंद ठेवून विण. व्हिडिओ बघून हात चालतो पण डोळा तयार होत नाही. मला हे फार उशिरा कळलं, म्हणून तुला आग्रहाने सांगते. मी चाळीस वर्षं विणतेय, पण बरीच वर्षं नुसती पाठ केलेली ओळ घालत होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गावभागातल्या घरात शिरलं. खालच्या खोलीत ट्रंकेत सासूबाईंच्या रुखवतातला टेबलावरचा गोल रुमाल होता. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर रुमाल गाळाने मातीच्या भाकरीसारखा झालेला. बादलीत भिजवून, पाणी बदलत बदलत, न चोळता धुतला. दोरा टिकला, पण काठाचा हातभर तुकडा कुजून सुटला होता. नमुना कुठे लिहिलेला नाही आणि सासूबाई जाऊन तेव्हा सहा वर्षं झालेली.

मग खिडकीशी पाट ठेवला, रुमाल पांढऱ्या चादरीवर पसरला आणि चांगल्या काठावर टाचणीचं टोक ठेवून एकेक टाका मोजत गेले. पाच साखळ्या, एक मुका खांब, मग एकाच घरात सात खांब, परत मुका खांब. तीन दुपारी गेल्या. तेव्हा पहिल्यांदा दिसलं की प्रत्येक टाक्याच्या डोक्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन धागे आडवे असतात आणि खाली त्याचा पाय असतो. मुक्या खांबाचा पाय आखूड. खांबाचा पाय उंच आणि त्याच्या कमरेला एक तिरपा वेढा. एवढं ओळखता आलं की कुठलाही रुमाल वाचता येतो. काठ पुरा केला. नवा दोरा जुन्यापेक्षा पांढरा दिसतो, तो तसाच ठेवलाय.

तर आधी टोपडं नको. मुक्या खांबांचं साधं १५ सेंमीचं चौकोनी फडकं कर, गरम कढई उतरवायला. दोन करून एकावर एक शिवलीस की हाताला चटका बसणार नाही. काठ वाकडा आला तरी स्वयंपाकघरात वापरात येतं. दोरा मात्र सुतीच घे. अ‍ॅक्रिलिक गरम भांड्याला लागलं की वितळतं. मुक्या खांबाच्या ओळीला उलटताना एकच साखळी घालायची, ती टाक्यात मोजायची नाही आणि पहिला मुका खांब अगदी पहिल्याच टाक्यात घालायचा. खांबाचा आणि याचा नियम वेगळा आहे, इथे घोळ करू नकोस. प्रत्येक ओळ संपली की मोज. कंटाळा आला तरी मोज.

मिरजेचा_बाबा

मी पण डावखुरा, मुलीच्या बाहुलीसाठी शिकलो. सुई डाव्याच हातात धरा, सवय बदलू नका. तुमचं काम डावीकडून उजवीकडे जाईल, एवढाच फरक. गोल विणताना चक्र उलट्या दिशेने फिरेल, वस्तू तीच होते. शिकवणाऱ्याच्या शेजारी न बसता समोर बसा, म्हणजे आरशात बघितल्यासारखं जसंच्या तसं करता येतं. व्हिडिओ असेल तर फोन आरशासमोर धरा आणि आरशात बघा, माझी बायको हसायची पण मी असाच शिकलो.

शब्दांचा त्रास असेल तर चिन्हांचा तक्ता वाचायला शिका. लांबट वर्तुळ म्हणजे साखळी, अधिक किंवा फुली म्हणजे मुका खांब, टी अक्षराच्या पायावर एक तिरपी रेघ म्हणजे खांब. सपाट ओळींचा तक्ता मात्र आपल्याला उलट्या बाजूने वाचावा लागतो.

डावखुरी_सातारा

काकू, पिन लावली आणि बारा ओळी २० च्या २० आल्या! शेवटचा टाका खरंच गाठीसारखाच दिसत होता, मी रोज त्याला सोडून पुढे जात होते. मिरजेचे दादा, आरशाची युक्ती आजच केली. फडकं एक पूर्ण झालं, काठ जरा वाकडा आहे पण आईने सकाळी आमटीचं पातेलं त्यानेच उतरवलं. दुसरं चालू आहे. आता टोपड्याचं सांगाल का? मोती चौकातून फिकट पिवळा सुती दोरा आणलाय, चार पदरी.

कृष्णाकाठ_सांगली

शाब्बास. आईने वापरलं ना, मग झालं.

दोरा आधी थोडासा विणून धुऊन बघ, सुती काम धुतल्यावर आटतं. चार पदरीला ३ मिलिमीटरची सुई घे. मधोमध सुरुवातीला ओढून आवळता येईल असा फास कर, त्यात १२ खांब घाल (तीन साखळ्या धरून) आणि फास घट्ट ओढ म्हणजे मधे भोक राहत नाही. पुढच्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे २४. मग एका टाक्यात एक, पुढच्यात दोन असं करत ३६. मग ४८. दर फेरीला १२ च वाढले पाहिजेत. काठाला झालर पडायला लागली तर टाके जास्त झाले, वाटी व्हायला लागली तर कमी पडले. अजून फेऱ्यांचा आकडा पाठ करू नकोस, पट्टी लाव. नवजात बाळाचं डोकं साधारण ३३ ते ३५ सेंमी घेराचं असतं आणि टोपडं त्याहून थोडं लहान लागतं, कारण विणकाम ताणतं. म्हणून चकती आडवी १० सेंमी भरली की वाढवणं थांबव. तिथून प्रत्येक टाक्यात एकच खांब. मग तीच वाटी खोल होत जाईल. मध्यापासून काठापर्यंत १३–१४ सेंमी झालं की शेवटी मुक्या खांबाच्या दोन फेऱ्या घाल, काठ बसतो.

दोऱ्याची टोकं बोथट सुईने आत तीन वेळा दिशा बदलून ओवून टाक. आतल्या बाजूला मोकळा फास राहू देऊ नकोस, बाळाची बोटं अडकतात. आपल्याकडे टोपड्याला हनुवटीखाली बांधायचे बंद असतात, पण लांब बंद गळ्याशी नकोत, माझ्या नातवाच्या टोपड्याला मी लावले नाहीत. मणी आणि टिकल्याही नकोत.

आणि आजीच्या वहीतला एखादा काठ सापडला तर तो घाल त्याला. अडलं तर वहीचं पान इथे टाक, मी वाचून देते.

डावखुरी_सातारा

चौथी फेरी, ४८. दोनदा मोजले. वहीच्या मागच्या पानावर ‘बाळाची कुंची, काठ’ असं लिहिलेलं सापडलं, खाली फक्त आकडे आहेत: ५, १, ७, १. काकू, हा तुमच्या सासूबाईंचाच काठ नाही का?