डायोड बदलण्याआधी मीटर तपासा

तुमच्या ५ वॉटच्या रेडिओ ट्रान्समीटर सेटला ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) लावून आरएफ प्रोबवर (रेडिओ व्होल्टेज डायोडने डीसी करून मीटरला देणारं साधन) १५.८ ऐवजी ३.८ व्होल्टच दिसतात, म्हणून प्रोबमधला डायोड गेला असावा, असं तुम्ही म्हणता. मला नाही वाटत. प्रोबच्या मीटरकडच्या टोकाचा ४.७ मेगओहमचा रेझिस्टर ११ मेगओहम इनपुट रेझिस्टन्सच्या जुन्या व्हॅक्यूम ट्यूब व्होल्टमीटरसाठी ठरवलेला आहे. शिखर व्होल्टेजचं आरएमएस (पॉवर काढायला लागणारा, शिखराच्या सुमारे ०.७ पट आकडा) दाखवायचं काम रेझिस्टर आणि मीटरचं इनपुट या दोघांच्या विभागणीतून होतं. १० मेगओहमच्या मीटरवर फरक ४ टक्क्यांच्या आसपास, तो चालून जातो. पण डीटी-८३० जातीच्या स्वस्त पिवळ्या डिजिटल मीटरचं इनपुट १ मेगओहमच असतं, त्यामुळे आकडा थेट चौथाईवर येतो. तुमचे ३.८ नेमके तेच!

खात्री करायला ९ व्होल्टच्या बॅटरीला १ मेगओहम सिरीजमध्ये लावून मोजा. साडेचारच्या जवळ आलं तर मीटर १ मेगओहमचा, ८.२ च्या आसपास आलं तर १० चा. पहिल्या प्रकारात ४.७ मेगओहम काढून ३९० किलोओहम आणि २२ किलोओहम सिरीजमध्ये टाका. रेझिस्टर पूर्ण काढू नका, नाहीतर मीटरच्या वायरीत आरएफ शिरतं आणि आकडे नाचतात. मोजताना की दाबून सलग कॅरिअर (आवाज नसलेली स्थिर रेडिओ लहर) द्या, बोलून नाही. आणि १०० मिलिवॉटसारख्या लहान पॉवरला डायोडवर पडणारे ०.६ व्होल्ट धरायला विसरलात तर पॉवरचं उत्तर तिसऱ्या हिश्श्याने कमी येईल. डायोड १एन४१४८ जातीचा असेल तर १४ वॉटच्या वर जाऊ नका, त्यावर शिखराच्या दुप्पट उलटा व्होल्टेज येतो आणि तो त्याच्या मर्यादेबाहेर जातो.