'फुकट होता म्हणून गाजला' म्हणे!

रातकिडा: काल इथे कुणीसं ठोकून दिलंय, "'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' कसला क्लासिक? कॉपीराइटची ओळ राहिली, फुकट मिळाला, म्हणून गाजला." अहो, फुकटातले सिनेमे ढिगाने पडलेत, कोण कुत्रं बघतं? १९६८ साली अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये जाहिराती करणाऱ्या पोरांनी सव्वा लाख डॉलरच्या आत मढी उठून माणसं खातात असा सिनेमा केला, रक्ताला चॉकलेट सिरप वापरून. तळघरात पोरगी आईला थापीने भोसकते. माझे वडील गवंडी. मोरीपाशी टांगलेल्या त्यांच्या थापीकडे मी दोन वर्षं पाठ करून आंघोळ केली. ती काय फुकट मिळाला म्हणून?

शिळासप्तमी: ठोकून देणारा मीच. तुमच्या मोरीचं ठीक आहे, पण त्यात 'झोंबी' हा शब्दसुद्धा नाही, 'घूल', म्हणजे मढी खाणारं पिशाच्च, म्हणतात. आणि ते वंशभेदावरचं भाष्य वगैरे मागाहून चिकटवलेलं. ड्वेन जोन्स या काळ्या नटाला नायक म्हणून घेतलं ते ऑडिशन उत्तम झाली म्हणून, हे खुद्द दिग्दर्शक रोमेरोच सांगायचा.

कोपरखळी: कॉपीराइटवर इतकं हलक्यात नका घेऊ. वितरकाने 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स' हे आधीचं नाव बदललं, नव्या पाटीवर ती ओळ घालायची राहिली आणि तेव्हाच्या अमेरिकन कायद्याने हक्कच गेला. करणाऱ्यांच्या हाती काय? माझी एकांकिका एका मंडळाने नाव बदलून केली. वर प्रयोगाचं आमंत्रण मलाच!

शिळासप्तमी: ताई, इथे मढ्यांचं चाललंय.

कोपरखळी: लेखक मेलाच आहे असं धरूनच सगळे चालतात, तेव्हा विषय तोच. रजिस्टर केली होती का, हे विचारू नका. नव्हती. आपल्याकडे त्याशिवायही हक्क असतो.

शिळासप्तमी: असतो ना, कोर्टात वीस वर्षं घालवायची तयारी असेल तर! पण माझाच मुद्दा झाला की. मोकळा होता म्हणून वाट्टेल त्याने दाखवला.

रातकिडा: दाखवला, पण बघितला का? नायक रात्रभर मढ्यांशी झुंजून वाचतो आणि सकाळी 'सुटका' करायला आलेले गोरेच त्याला गोळी घालतात. मग ते दाणेदार फोटो, मांसाचे आकडे घेतलेली माणसं. मार्टिन ल्यूथर किंगना मारलं त्याच वर्षी. ठरवून केलं नसेल, पण थिएटरातल्या माणसाला ऑडिशनचा किस्सा माहीत होता का?

शिळासप्तमी: बरं, ते फोटो चांगले आहेत. फोटोच. बाकी अभिनय गॅदरिंगचा.

कोपरखळी: त्या मंडळाचाही तसाच होता. बक्षीस मिळालं पण.