ठाकूर मारतो की पोलीस येतात?

शनिवार रात्र, सोसायटीचा 'गप्पा' ग्रुप. नोटिसांचा ग्रुप वेगळा आहे, पण ते कोणी पाळत नाही.

ए-३०२: शोलेच्या 'फायनल कट'चा ट्रेलर परत बघितला. डिसेंबरात परीक्षा होती म्हणून थिएटरला जायचं राहिलं. टेरेसवर लावूया का? प्रोजेक्टर माझा.

ए-१०१ काकू: पन्नास वर्षं झाली त्या सिनेमाला. आता कसला कट?

ए-३०२: काकू, कापलं नाहीये, वाढवलंय! मूळ शेवट परत जोडलाय. २०२५च्या डिसेंबरात तोच रिलीज केला होता.

ए-१०१ काकू: शेवट मला पाठ आहे. ठाकूर मारायला जातो आणि ऐन वेळी पोलीस येतात.

बी-२०४ काका: पोलीस नंतर आणले. आधी ठाकूरच मारतो गब्बरला. खिळे ठोकलेल्या बुटांनी.

सी-१०३: काका, फॉरवर्ड आलाय का कुठून? 😄

बी-२०४ काका: फॉरवर्ड नाही. १९७५ साल होतं, आणीबाणी. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला पटेना, म्हणून दिग्दर्शक सिप्पींना शेवट पुन्हा शूट करावा लागला. जुना शेवट नंतर व्हिडिओवर फिरत राहिला. मेव्हण्याने दुबईहून आणलेल्या कॅसेटवर मी पाहिलाय. चित्र इतकं घाण की कोण कोणाला मारतंय ते आवाजावरून ओळखायचं.

ए-१०१ काकू: म्हणजे इतकी वर्षं आम्ही चुकीचा शेवट बघून रडलो?

बी-२०४ काका: वहिनी, तुम्ही जयसाठी रडलात. तो दोन्हीकडे मरतो.

सेक्रेटरी: कृपया पार्किंगमधल्या पांढऱ्या गाडीबद्दल कोणीतरी बोला.

सी-२०२ ताई: ट्रेलरमध्ये चित्र स्वच्छ दिसतं ना, त्यामागे बरीच खटपट आहे. मूळ कॅमेरा निगेटिव्ह, म्हणजे चित्रीकरणाची मूळ फिल्म, फार खराब झालं होतं. जुने सिनेमे जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनवाल्यांनी लंडनच्या गोदामातलं आणि मुंबईतलं साहित्य जमवून काम केलं. पहिला खेळ जून २०२५ मध्ये इटलीत, बोलोन्याच्या भर चौकात झाला. आणि मूळ सिनेमा ३५ एमएम रुंदीच्या फिल्मवर चित्रित करून मोठ्या पडद्यासाठी ७० एमएमवर मोठा केलेला.

ए-३०२: म्हणून तर म्हणतो, मोबाइलवर नका बघू.

बी-२०४ काका: माझ्याकडे पॉलिडोर कंपनीची शोलेच्या डायलॉगची रेकॉर्ड आहे. गाण्यांची नव्हे, संवादांची. मंडपात, लग्नात सगळीकडे वाजायची. शिवाय एक कपाटभर व्हीसीडी आणि दोन पिशव्या गाण्यांच्या चोपड्या. रिडेव्हलपमेंटच्या आधी घर मोकळं करायचंय, सून मागे लागली आहे. उद्या रद्दीवाला येतोय.

सी-२०२ ताई: काका, थांबा!!

ए-३०२: काका नको!!!

सी-१०३: ऑनलाइन तसल्या रेकॉर्डला हजारो रुपये मागतात. लॉटरी लागली काका.

सी-२०२ ताई: मागतात, पण देतं कोण ते बघा. ती रेकॉर्ड प्रचंड खपली होती, म्हणून अजूनही बऱ्याच घरांत सापडते. लोकांनी ज्या वस्तू हौसेने जपल्या त्या भरपूर उरतात. वाचून टाकून दिल्या त्या उरत नाहीत. खरं मोल तुमच्या त्या दोन पिशव्यांना आहे.

ए-१०१ काकू: चोपड्या? थिएटरच्या दारात काही आण्यांना मिळायच्या त्या?

सी-२०२ ताई: त्याच. त्यात गाणी, नटांची नावं, पडद्यामागच्या लोकांची नावं आणि कथासार. मूकपटांच्या काळातले बहुतेक सिनेमे आज उरलेलेच नाहीत. कित्येक जुन्या सिनेमांची गोष्ट काय होती हे अशाच कागदांवरून कळतं.

बी-२०४ काका: आणि कथासार ऐन रंगात आणून सोडायचे. 'पुढे काय झाले ते रुपेरी पडद्यावर पाहा.' आताच्या ट्रेलरपेक्षा बरं. हल्ली तीन मिनिटांत अख्खी गोष्ट सांगून मोकळे.

ए-३०२: खरंय काका. परवाच्या एका ट्रेलरमध्ये खुनी कोण तेही कळलं.

ए-१०१ काकू: आमच्याकडे चोपडीवर दूध उतू जायचं ते पातेलं ठेवायचो.

सी-२०२ ताई: काकू 😣

सी-१०३: आणि व्हीसीडी?

सी-२०२ ताई: काका, त्या द्या खुशाल, मला वाईट वाटणार नाही. चित्र ३५२ बाय २८८ पिक्सेलचं, एका तबकडीत सव्वा तास. मोठ्या सिनेमाला तीन लागायच्या, आणि मध्यंतर नसलेल्या जागी उठून तबकडी बदलायची. मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणली तेव्हा घरोघरी ढीग झाले. फक्त जुनी मराठी नाटकं किंवा कुठेच न मिळणारा सिनेमा असेल तर आधी मला दाखवा. ऑनलाइन आज आहे ते उद्या काढून टाकतात. तबकडी निदान आपल्या कपाटात असते.

ए-४०१: मुलगा न्यू जर्सीहून दिवाळीला येतोय. तिथल्या डिस्क आणायला सांगू का?

ए-३०२: काका, डीव्हीडी नको. डिस्कला प्रदेशाचं कुलूप असतं, रीजन म्हणतात. तिकडचा रीजन १, आपला ५. साध्या प्लेअरवर चालणार नाही. ब्लू-रेचंही तेच, त्यांचा ए आणि आपला सी. ४के अल्ट्रा एचडी डिस्कला रीजनचं कुलूप नसतं, ती आणा. पण प्लेअर ४केचाच हवा.

ए-४०१: म्हणजे प्लेअरही आणावा लागणार. आई गं.

सी-१०३: मला हॉलसाठी जुनं पोस्टर हवंय. मुंबईला चोरबाजारात मटण स्ट्रीटवर मिळतात ना?

सी-२०२ ताई: मिळतात, पण नव्याने छापलेलेही ढिगाने मिळतात. जुनं पोस्टर बहुधा ३० बाय ४० इंचांचं, घड्या घालून थिएटरला पाठवलेलं. घड्यांच्या खुणा दिसल्या तर नाक मुरडू नका. एकदम गुळगुळीत, कोरं करकरीत आणि स्वस्त दिसलं तर भिंग लावून छपाई बघा. आणि घेतलंत तर लॅमिनेशन करू नका, हात जोडते. ते परत निघत नाही, कागदाचा जीव जातो. सेलोटेपही नको.

बी-२०४ काका: मी सगळ्या चोपड्यांना सेलोटेप लावलाय.

सी-२०२ ताई: ओढून काढू नका! आहे तसं राहू द्या. दोऱ्याने बांधलं असेल तर सोडा, आडव्या ठेवा, ओल नको. रेकॉर्ड मात्र उभी, एकावर एक नाही. सोमवारी लॉ कॉलेज रोडला जाऊन चौकशी करते. पुण्यातलं ते फिल्म अर्काइव्ह, म्हणजे सिनेमांचा सरकारी संग्रह, १९६४ सालचं आहे आणि तिथे नुसती फिल्म नाही, पोस्टरं आणि चोपड्याही जपतात. त्यांच्याकडे नसतील त्या घेतात का बघू. उरलेल्या तुमच्याच.

बी-२०४ काका: सुनेला सांगतो की सरकारी काम आहे.

सेक्रेटरी: टेरेसबद्दल. डिस्कवर 'फक्त घरगुती वापरासाठी' छापलेलं असतं. सगळ्या सोसायटीला दाखवायचं तर हक्कवाल्यांची परवानगी लागेल. शिवाय रात्री दहानंतर आवाज नको. मागच्या कोजागिरीला पोलीस आले होते.

ए-१०१ काकू: बघा! पोलीस येतातच.

ए-३०२: परवानगीचं मी विचारतो. नाही मिळाली तर माझ्या घरी बघू. सात-आठ जण मावतील, पुढच्यांनी जमिनीवर बसायचं.

ए-४०१: माझं आणि हिचं नाव लिही.

सी-१०३: हा मेसेज डिलीट केला आहे.

सी-२०२ ताई: काका, उद्या दहाला येते. दोन जण बरोबर आणते, पिशव्या जड असतील. रद्दीवाल्याला साडेदहाची वेळ द्या, व्हीसीडी त्याच्याकडे.

बी-२०४ काका: या. पोहे करायला सांगतो.

सेक्रेटरी: पांढरी गाडी एमएच १२. अजून कोणी बोललेलं नाही.